छाप, शिक्का आणि मार्का : परभणीच्या पेठेतील व्यापारचिन्हांचा इतिहास

१. विषयप्रवेश

व्यापारी पेढीला नावाबरोबर रूपही लागते, हे तत्त्व आज व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतून विस्ताराने सांगितले जाते. चित्र, रंग, अक्षरांचे वळण आणि वेष्टन ह्यांचा मेळ साधून मालाला स्वतंत्र चेहरा द्यावा, तो सर्वत्र एकसारखा ठेवावा आणि ग्राहकाच्या मनात रुजेपर्यंत बदलू नये, असा ह्या उपदेशाचा सारांश आहे. युरोपात ह्या विचाराचा आरंभ बहुधा १९०७ पासून धरतात. त्या वर्षी जर्मनीतील ए. ई. जी. ह्या विद्युत कंपनीने पेटर बेरेन्स ह्या वास्तुशिल्पज्ञाला कलासल्लागार नेमले आणि त्याने कारखान्याच्या इमारतीपासून चहाच्या किटलीपर्यंत सर्वांना एकच वळण दिले.

ह्या सर्व विवेचनात ग्राहक वाचू शकतो असे गृहीत धरलेले असते. परभणी जिल्ह्यातील पेठांत दीर्घकाळ तशी स्थिती नव्हती. तरीही तेथे माल ओळखला जात होता, मागितला जात होता आणि नकली माल नाकारलाही जात होता. हे कसे घडले, ह्याचा शोध घेतला असता दोन गोष्टी हाती लागतात. ग्राहकाला जे चिन्ह स्वतःच्या बोलीत नाव घेऊन मागता येते, तेच टिकते, ही पहिली. चिन्ह ज्याच्या हाती, मालाचे नाव आणि त्या नावाचा लाभही त्याच्याच हाती, ही दुसरी. शेतीप्रधान जिल्ह्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

२. शब्दांची साक्ष

खुणेवरून वस्तूला नाव देण्याची रीत भारतात फार जुनी आहे. पाणिनीने गुरांच्या कानांवर केल्या जाणाऱ्या मालकीच्या खुणांची नोंद केली आहे (६.३.११५). ‘कर्ण’ शब्दापूर्वी खुणेचा वाचक शब्द आला असता त्याचा अंत्य स्वर दीर्घ होतो, मात्र अष्ट, पञ्च, मणि, स्वस्तिक इत्यादी शब्द त्याला अपवाद होत, असा तो नियम आहे. कोयत्याची खूण असलेले जनावर ‘दात्राकर्ण’ आणि स्वस्तिकाची खूण असलेले ‘स्वस्तिककर्ण’. व्याकरणाला ज्यासाठी स्वतंत्र नियम करावा लागला, तो प्रयोग भाषेत चांगलाच रूढ असला पाहिजे. कौटिलीय अर्थशास्त्रात ही खूण व्यापाराच्या क्षेत्रात आलेली दिसते. मुद्रा नसलेल्या मालावर दुप्पट आणि खोटी मुद्रा लावलेल्या मालावर शुल्काच्या आठपट दंड तेथे सांगितला आहे. खूण नसणे आणि खोटी असणे ह्या दोन अपराधांमधला फरक त्या काळीही स्पष्ट होता.

मराठीत ह्या अर्थाचे शब्द अनेक आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे वेगळा अधिकार उभा आहे. ‘मुद्रा’ संस्कृत, राजाच्या आज्ञेशी जोडलेली. ‘शिक्का’ अरबीतून आलेला. मूळ अर्थ नाणे पाडण्याचा साचा. ‘मोहोर’ आणि ‘निशाणी’ फारसी. ह्या शब्दांवर दरबाराची छाया आहे; ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आजही पत्रव्यवहाराच्या त्या जुन्या शिस्तीची आठवण देतो. ‘मार्का’ हा युरोपीय व्यापाराबरोबर आलेला शब्द. पेठेने मात्र ‘छाप’ हा शब्द आपलासा केला. हिंदीसह शेजारच्या अनेक भाषांत तो आहे, म्हणूनच तो बहुभाषिक बाजारात कोणालाच परका वाटला नाही.

इंग्रजीतील ‘ब्रँड’ हा शब्द जाळण्याच्या अर्थापासून निघाला. तापलेल्या लोखंडाने उमटवलेली खूण हा त्याचा पूर्वार्थ. मराठीतही ‘डागणे’ आहे, परंतु त्यापासून व्यापारचिन्हाचा वाचक शब्द तयार झाला नाही. ‘डाग’ म्हटल्यावर कलंकाची कल्पना मनात येते, हे त्याचे एक कारण असावे. उलट ‘छाप पडणे’ आणि ‘ठसा उमटणे’ हे वाक्प्रचार प्रभावाचे वाचक झाले.

‘घोडाछाप’ ह्या समासाची घडणही लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीच्या सामान्य नियमाप्रमाणे ‘घोडा’ शब्दाचे विभक्तीपूर्वी ‘घोड्या-’ असे सामान्यरूप होते. येथे ते होत नाही. ‘घोड्याछाप’ असे कोणी म्हणत नाही, कारण येथे घोडा हा प्राणी अभिप्रेत नसून त्याचे चित्र, म्हणजे एक अविकारी नाव, अभिप्रेत असते. घोडा आहे छाप जिची ती, असा हा बहुव्रीहीच होय. ह्याच घडणीचा आणखी एक शब्द मराठीत आहे, तो म्हणजे ‘अंगठाछाप’. ज्याला सही करता येत नाही त्याला भाषेने छापेवरूनच नाव दिले, आणि तो माणूस बाजारात मालही छापेवरूनच घेत होता. प्रस्तुत इतिहासाचा नायक हाच अंगठाछाप ग्राहक आहे.

३. पेठ आणि तिच्या लिपी

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईनंतर संस्थानातील निजामी सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला.

संस्थानाच्या कारभाराची भाषा १८८० च्या दशकात फारसीऐवजी उर्दू झाली. लोकांची भाषा मात्र मराठी होती. मराठी हिशेब मोडीत लिहिले जात, मारवाडी पेढ्यांच्या वह्या महाजनी लिपीत असत, आणि मुंबईहून येणाऱ्या मालावर इंग्रजी अक्षरे असत. मनमाडहून जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड असा सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हापासून बाहेरच्या मालाची आवक वाढली आणि त्याबरोबर लिप्यांची ही गर्दीही वाढली. १९५१ च्या जनगणनेत भारताचे साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. हैदराबाद राज्य त्याच्याही मागे होते. ज्याला एक लिपी येत होती त्याला दुसरी येत नव्हती, आणि बहुसंख्यांना एकही येत नव्हती.

अशा बाजारात अक्षर हे चिन्ह म्हणून निरुपयोगी ठरते. मोडीत लिहिलेले नाव उर्दू जाणणाऱ्याला कळत नाही, आणि उर्दूत लिहिलेले मराठी शेतकऱ्याला कळत नाही. सर्व भाषिकांना समान असलेली वस्तू चित्र ही होती. हत्ती, वाघ, घोडा, कमळ, चंद्र, तराजू ह्यांना प्रत्येक जण आपापल्या भाषेत हाक मारू शकत होता.

४. रुपयावरील चारमिनार

ह्या प्रदेशात सर्वांत अधिक हातांतून गेलेले चित्र म्हणजे चारमिनाराचे. मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९–१९११) ह्याच्या काळात यंत्रावर पाडलेल्या हाली सिक्का रुपयावर ही इमारत आली. तिच्या कमानीत राजाच्या नावाचे आद्याक्षर कोरलेले असे: महबूबसाठी ‘मीम’, आणि पुढे मीर उस्मान अली खानासाठी ‘ऐन’. साक्षराला अक्षरावरून राजा कळे. निरक्षराला इमारतीवरून राज्य कळे. एकाच चिन्हात दोन प्रकारच्या वाचकांची सोय केलेली होती. नोटांवर ह्याच्या उलट मार्ग स्वीकारला गेला; तेथे उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड ह्या भाषांतही मूल्य लिहिलेले असे.

मराठवाड्यात दोन रुपये प्रचलित होते: संस्थानाचा ‘हाली’ आणि इंग्रजी राज्याचा ‘कलदार’. सात हाली रुपयांना सहा कलदार असा सर्वसाधारण भाव होता. तेव्हा कोणता रुपया हातात पडला, हे ओळखणे हा पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि तो चित्रावरून सुटत असे. राजाचे मस्तक असेल तर कलदार, चार मिनार असतील तर हाली.

ह्या पार्श्वभूमीवर हैदराबादेतील वजीर सुलतान तंबाखू कंपनीने (स्थापना १९३०) आपल्या सिगारेटला दिलेले नाव आणि चित्र पाहिले, म्हणजे त्यातील धोरण ध्यानी येते. ‘चारमिनार’ हे नाव, पाकिटावरील इमारतीचे चित्र आणि लोकांच्या खिशातील नाण्याची आठवण, ही तिन्ही एकत्र आली. नाव उच्चारायला सोपे होते आणि चित्राला दुसरे नाव संभवत नव्हते. हाली रुपया १९५० नंतरच्या दशकात चलनातून गेला. सिगारेटचे नाव त्यानंतरही दीर्घकाळ लोकांच्या तोंडी राहिले. राज्याने रुजवलेल्या खुणेचा लाभ खाजगी उद्योगाने घेतल्याचे हे बोलके उदाहरण होय.

५. कापडावरील तिकीट

दूरच्या उत्पादकाने स्थानिक डोळ्यांसाठी चिन्ह कसे घडवले, ह्याचे उत्तम उदाहरण गिरणीच्या कापडात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानात पाठवायच्या ताग्यांवर रंगीत कागदी तिकिटे चिकटवण्यास आरंभ केला. त्यांवर देवता, प्राणी, राजे, नर्तकी अशी चित्रे असत. मुंबईच्या गिरण्यांनीही तीच रीत उचलली. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीला हलवलेला शिळाछापखाना देवतांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथून मालावरील तिकिटे व वेष्टनेही छापली जात.

ह्या तिकिटांचा परिणाम दुहेरी झाला. गिरणीचे नाव ग्राहकापर्यंत पोचले नाही, परंतु चित्र पोचले. शिवाय तिकीट कापडापेक्षा अधिक टिकले: धोतर फाटून गेले तरी लक्ष्मीचे तिकीट भिंतीवर किंवा देव्हाऱ्यात राहिले. तथापि देवतेच्या चित्रात एक दुबळेपणा होता. लक्ष्मी कोणाच्याही मालकीची नव्हती. त्यामुळे तिचे चित्र कोणीही लावू शकत असे. जे चिन्ह सर्वांना प्रिय, ते एकट्याचे होऊ शकत नाही. ह्या अडचणीतून सुटण्याचा मार्ग अनपेक्षित परंतु ओळखीच्या चित्रात होता. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला, तेव्हा आरंभी घोड्याची आणि पुढे उंटाची खूण स्वीकारली. उंटाचा शाईशी काही संबंध नाही, म्हणूनच शाईच्या दुकानात तो एकटा उभा राहिला. ‘कॅमल’ आणि ‘इंक’ ह्या दोन शब्दांच्या जोडातून ‘कॅमलिन’ हे नाव झाले. चित्रातून नाव निघण्याची ही रीत ‘घोडाछाप’ ह्या समासाच्या जातीचीच आहे.

लोक स्वतःही रूपावरून नाव देतात, आणि ते नाव मालकाने दिलेल्या नावापेक्षा बळकट ठरते. राज्य परिवहनाच्या तांबड्या गाडीला कोणी महामंडळाच्या नावाने ओळखत नाही. ती ‘लाल परी’ किंवा ‘लाल डबा’ असते. ह्यांतील कोणते नाव घ्यावयाचे, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर अवलंबून असते. रंग मात्र दोन्ही नावांत कायम आहे.

६. गाठीवरील खूण

आतापर्यंतची उदाहरणे पेठेत बाहेरून येणाऱ्या मालाची झाली. पेठेतून बाहेर जाणाऱ्या मालाचा इतिहास मात्र वेगळा आहे.

परभणी, मानवत आणि सेलू येथून जाणारा मुख्य माल म्हणजे कापूस. शेतकऱ्याने आणलेला कापूस आडत्याच्या मार्फत विकला जाई, जिनमध्ये सरकी वेगळी होई आणि दाबखान्यात रुईची गाठ बांधली जाई. मालाला खूण मिळते ती येथे, आणि ती दाबखान्याची व व्यापाऱ्याची असते. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर दाबखान्याची ठरावीक खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. गाठ फोडल्यावर भेसळ आढळली तर ती कोणत्या दाबखान्यातून आली, हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. खूण म्हणजे उत्तरदायित्व, हा कौटिलीय अर्थ येथे पुन्हा प्रकट होतो.

मराठवाड्यातील देशी कापसाला मुंबईच्या बाजारात ‘हैदराबाद गावराणी’ असे नाव होते. ‘गावराणी’ हा शब्द शेतकऱ्याचा. गावचे, मूळचे, असा त्याचा अर्थ. ‘हैदराबाद’ हा शब्द संस्थानाचा. ज्या गावांनी कापूस पिकवला त्यांची नावे ह्या दोन शब्दांच्या मध्ये लोपली. ह्याचा आर्थिक परिणाम सरळ होता. चांगला, लांब धाग्याचा, स्वच्छ वेचलेला कापूस आणि ओला, कचरा मिसळलेला कापूस एकाच गाठीत गेले की दोघांची किंमत एक होते. जो काळजी घेतो त्याला तिचे मोल मिळत नाही, आणि म्हणून काळजी घेण्याचे कारण उरत नाही. बाजारपेठेतील भेसळीचे खापर शेतकऱ्याच्या स्वभावावर फोडण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्याच्या मालाला खूण नव्हती, हे त्याचे मूळ होय.

केंद्र सरकारने २०२० मध्ये भारतीय कापसासाठी ‘कस्तुरी’ हे नाव व बोधचिन्ह जाहीर केले. जगाच्या बाजारात भारतीय कापसाला स्वतंत्र ओळख मिळावी, हा हेतू योग्यच आहे. परंतु हे नाव देशाचे आहे. मानवत किंवा सेलू ही नावे जशी ‘हैदराबाद’मध्ये लोपली होती, तशी ती ‘कस्तुरी’मध्येही लोपू शकतात.

७. न्यायालयातील ग्राहक

खोट्या खुणांना शिक्षा देणारा कायदा हिंदुस्थानात १८८९ मध्ये झाला. परंतु व्यापारचिन्हांची नोंदणी मात्र १९४० च्या कायद्यापूर्वी नव्हती. इंग्लंडात ती १ जानेवारी १८७६ रोजीच सुरू झाली होती, आणि बास ह्या मद्यनिर्मात्याचा लाल त्रिकोण तेथील पहिले चिन्ह ठरला. नोंदणी नव्हती त्या काळात येथील व्यापारी वृत्तपत्रांतून जाहीर सूचना देऊन आपल्या खुणेवर हक्क सांगत. पुढे १९५८ आणि १९९९ चे कायदे आले.

ह्या कायद्यांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयापुढे अंगठाछाप ग्राहकच उभा राहिला. १९६२ च्या निर्णयात ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ह्या औषधांच्या नावांचा प्रश्न होता. संस्कृत जाणणाऱ्याला ही दोन नावे सर्वथा भिन्न वाटतील. एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची. न्यायालयाने मात्र असे मानले की साधारण बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मृतीचा ग्राहक शब्द फोडून व्युत्पत्ती पाहत नाही. त्याच्या कानावर नावाची एकंदर घडण आणि ध्वनी पडतो, आणि त्यातून घोटाळा होऊ शकतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे निरीक्षण अचूक आहे. बोलणाऱ्याच्या मनात शब्द अखंड राहतो. त्याचे तुकडे करणे हे वैयाकरणाचे काम होय.

कानाविषयीचे हेच तत्त्व १९७२ च्या निर्णयात डोळ्याला लागू झाले. मुंबईच्या पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतवाडी, मुलगी, गाई व कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या दुसऱ्या उत्पादकाच्या वेष्टनावरही मुलगी, गाय आणि कोंबड्या होत्या. तपशील मात्र निराळे होते. दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजणे ही खरी कसोटी नव्हे, कारण ग्राहक दुकानात दोन्ही एकत्र घेऊन उभा नसतो. त्याच्या मनात पहिल्याची केवळ ठळक आठवण असते, असे न्यायालयाने मानले आणि दुसरे वेष्टन फसवे ठरवले. चिन्हाचे बळ त्याच्या बारकाव्यांत नसून आठवणीत उरणाऱ्या चार रेषांत असते, हा ह्या निर्णयाचा व्यापाऱ्यांनी घेण्यासारखा बोध आहे.

८. बियाण्याची चिठ्ठी

परभणीचे नाव मालावर येऊन देशभर गेले ते कापसामुळे नव्हे, तर बियाण्यामुळे. १९७२ मध्ये येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक ह्यांचे नाव आहे. पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूजन्य रोगाला तोंड देणारा भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण भेंडीच्या जंगली जातीशी संकर करून येथे तयार झाला आणि दूरच्या प्रांतांतील शेतकऱ्यांच्या तोंडी हे नाव गेले. लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आला. विद्यापीठाच्याच नांदेड केंद्राचा संकरित कापूस शेतकऱ्यांना ‘नांदेड चव्वेचाळीस’ म्हणून पाठ होता. परंतु ह्या नावांना स्वतःचे चित्र नव्हते. एकच वाण वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या पिशव्यांतून वेगवेगळ्या रंगांत आणि चित्रांत विकला जाऊ शकत होता.

ही उणीव काही अंशी १९६६ च्या बियाणे कायद्याखालील चिठ्ठ्यांनी भरून काढली. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी, असा नियम आहे. ज्याला चिठ्ठीवरचा मजकूर वाचता येत नाही त्यालाही रंग वाचता येतो. पेरणीच्या दिवसांत बियाणे नकली निघाले, तर त्या शेतकऱ्याचे नुकसान केवळ पिशवीच्या किमतीइतके नसते. पूर्ण हंगाम जातो. तेव्हा निळ्या चिठ्ठीचा रंग ही शोभेची बाब नाही.

तथापि चिन्ह कोणाच्या हाती, हा प्रश्न येथेही उपस्थित होतो. वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क ह्यांविषयीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. परंतु ते वेष्टनात घालून, त्या वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून विकण्याचा हक्क दिला नाही. शेतकरी बी विकू शकतो, छाप विकू शकत नाही. पैदासकाराच्या श्रमाचे रक्षण व्हावे म्हणून ही मर्यादा आहे, आणि तिला कारण आहे. पण गाठीपासून पिशवीपर्यंत खुणेची जागा शेताच्या बांधाबाहेरच राहिली, हेही तितकेच खरे.

ह्या क्रमात वेगळी दिशा दाखवणारा कायदा भौगोलिक निर्देशकांचा (१९९९) होय. त्याने चिन्हाचा हक्क एका पेढीऐवजी त्या प्रदेशातील उत्पादकांच्या समूहाकडे नेला. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या आणि आता हिंगोली जिल्ह्यात गेलेल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये असा निर्देशक मिळाला. कापसाच्या बाबतीत जे घडले नाही ते येथे घडले: गावाचे नाव मालावर आले.

९. निष्कर्ष

ह्या विवेचनातून उद्योगाच्या दृश्य ओळखीविषयी तीन गोष्टी निष्पन्न होतात. चिन्ह ग्राहकाच्या बोलीत उच्चारता आले पाहिजे; ज्याला नाव देता येत नाही असे सुंदर चित्र पेठेत मुके राहते. ते त्या जातीच्या मालात एकटे असले पाहिजे. शाईच्या दुकानातील उंट टिकतो, कापडाच्या दुकानातील लक्ष्मी सर्वांची होते. आणि ते स्थिर असले पाहिजे, कारण ग्राहक ते आठवणीतून पडताळतो, समोर ठेवून नव्हे.

ह्या तिन्ही गोष्टी बाहेरून आलेल्या उत्पादकांनी परभणीच्या पेठेत नीट साधल्या. पेठेच्या स्वतःच्या मालाला मात्र खूण लाभली ती बहुतेक दुसऱ्यांच्या हातची. मानवतचा कापूस, सेलूची रुई, गोदाकाठची ज्वारी ही नावे जिल्ह्याच्या बोलण्यात आहेत. मालावर ती फारशी नाहीत. आज येथे उत्पादकांच्या कंपन्या आणि लहान प्रक्रिया-उद्योग उभे राहत आहेत. त्यांनी बोधचिन्ह काढून घेण्यापूर्वी आपला माल लोक कोणत्या शब्दाने मागतात, हे ऐकून घेतले पाहिजे. छाप कागदावर उमटण्याआधी ती भाषेत उमटलेली असावी लागते, हेच ह्या पेठेच्या इतिहासाचे तात्पर्य आहे.